पुडीआधी जंताचं औषध



आपल्या भूम तालुक्यात दूध, खवा आणि शेळ्या-मेंढ्यांवर बऱ्याच घरांचा संसार चालतो. वस्तीवर त्यांची राखण कुत्रा करतो. ईट भागात फिरताना एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, कुत्रं खातंय चांगलं, पण अंगी लागत नाही. टॉनिकची पुडी आणू का?"

आधी जंत पाहा, मग खाणं, आणि पुडी शेवटी. पोटात जंत असतील तर पुडीचे पैसे वाया जातात.

पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध द्यावं. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यावं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच द्या.

एक जंत मात्र घरच्या माणसांनाही धोक्याचा आहे. बकरं कापल्यावर फुप्फुसात किंवा काळजात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. तो भाग आपण कुत्र्यापुढे टाकतो. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. कुत्रा आजारी दिसत नाही, पण विष्ठेतून अंडी पडतात आणि केसांनाही चिकटतात. पोरं त्याला कुरवाळतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात. मग माणसाच्या काळजात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून असा भाग खोल पुरा किंवा जाळा. जंताच्या साध्या गोळीने हा कृमी हटत नाही. त्यावर प्राझिक्वांटेल हे औषध लागतं, ते डॉक्टरांकडे मागा.

आता खाण्याचं. ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते. माणसाजवळ राहून कुत्र्याला पिठूळ अन्न पचवायची ताकद आली, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं. पण नुसती भाकरी पुरत नाही. सोबत उकडलेलं अंडं किंवा शिजवलेलं मांस द्या. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. भट्टीवरची खव्याची खरवड घातली की हगवण लागते, ती त्यामुळे आणि तुपकटपणामुळे. थोडं ताक किंवा दही त्यापेक्षा सोसतं. कांदा-लसणाचं कालवण घालू नका, त्याने रक्त कमी होतं. जंतांवर लसूण चारण्याचा उपायही सोडा. शिजलेली हाडं टोकदार फुटून आतड्यात रुततात.

उपयोगी जिवाणूंच्या पुड्या साध्या हगवणीत कधी कधी मदत करतात. पण त्याने जंत मरत नाहीत. पिल्लू ओकत असेल आणि रक्ताची हगवण असेल तर पुडीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो पार्व्हो असू शकतो, आणि त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू करता येते.

आणि घरात एक नियम करा : कुत्र्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मगच ताटावर बसायचं.