चार कामं एकदम दिली म्हणून मजुरी कमी का?

"चार कामं एकदम देतोय, मग कमी करा की!" मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत गेलात तर हे वाक्य कानावर पडतंच. पाऊस तोंडावर आलेला असतो. कौलं चाळायची असतात, न्हाणीघराची ओल काढायची असते, विहिरीवरच्या मोटारीची वायर बदलायची असते. मुंबईकर चाकरमान्याची रजा संपत आलेली असते. गवंडी असो, सुतार असो, वायरमन असो, तो अंगणात आला की त्याला कामांची यादी ऐकवली जाते, आणि यादी संपायच्या आत सवलत मागितली जाते.

मागणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. तो म्हणतो, तांदळाचं पोतं घेतलं तर दुकानदार किलोमागे दोन रुपये सोडतोच ना? सोडतो, पण का सोडतो ते बघा. त्याचा माल एकदम उठतो, किलो-किलो तोलत बसायचा वेळ वाचतो. त्यातलेच दोन रुपये तो तुम्हाला देतो. कारागीर पोतं विकत नाही. तो त्याचा दिवस विकतो, आणि त्याचा पाचवा दिवस पहिल्या दिवसापेक्षा स्वस्तात तयार होत नाही. उलट पाचव्या भिंतीचा गिलावा करताना खांदा जास्त भरून येतो.

म्हणून कामं एकत्र दिल्याने काहीच वाचत नाही असं माझं म्हणणं नाही. वाचतं, आणि ते मोजता येतं. धरून चाला, एका वायरमनची तुमच्याकडे तीन कामं आहेत आणि तिन्हींची मिळून मजुरी 6,000 रुपये होते. तीन वेगवेगळ्या दिवशी यायचं तर प्रत्येक खेपेला पेट्रोल आणि रस्त्यातला वेळ मिळून 200 रुपये जातात. एकाच खेपेत तिन्ही झाली तर 400 रुपये वाचले. गवंड्याचंही तसंच: परांची एकदा बांधली की दोन भिंती होतात, वाळू-सिमेंटची खेप एकच होते. हे वाचलेले पैसे दोघांनी वाटून घ्यायला कोणाची हरकत असणार? पण आपण मागतो काय? "6,000 चे 4,500 करा." म्हणजे 1,500 रुपये सोडा. 400 तर वाचलेल्या खर्चातून आले, मग उरलेले 1,100 कुठून आले? ते त्याच्या मजुरीतून आले. त्याच्याबरोबर हेल्पर असेल तर त्या पोराच्या मजुरीतून आले, कारण घासाघीसीचा भार शेवटी सगळ्यात खालच्यावर जाऊन बसतो.

वर आणखी एक असतं: "जाता जाता एवढं करून जा." एक खिळा, एक नळ, एक होल्डर. या 'एवढ्या'ची मजुरी कुठल्याच हिशोबात धरलेली नसते.

आता हाच माणूस इतर ठिकाणी कसा वागतो ते बघा. दोन्ही मुलांना ताप आला म्हणून डॉक्टरला दोघांची फी मिळून कमी करा असं तो म्हणत नाही. वकिलाने सांगितलेला आकडा मान खाली घालून ऐकतो. वास्तुशांतीच्या यादीत भटजींनी सुपाऱ्या किती लिहिल्या याची चौकशी न करता सगळं आणतो आणि वर दक्षिणा देतो. त्याच घराच्या चिऱ्याच्या भिंती ज्याने ओळंब्यात उभ्या केल्या त्याच्याशी मात्र पन्नास रुपयांवरून अर्धा तास वाद घालतो. डोक्याच्या कामाची किंमत ठरलेली आणि हाताच्या कामाची मात्र घासाघीस करायची, ही सवय बाजाराने लावलेली नाही. ती त्याहून जुनी आहे.

बलुतं म्हणजे काय होतं? वर्षभराची सगळी कामं एकत्र, आणि मोबदला सुगीला, देणाऱ्याच्या मर्जीने. सुताराने नांगर किती वेळा दुरुस्त केला याची मोजदाद नाही. महाराच्या कामाला तर यादीच नव्हती, सांगेल ते काम, आणि घरातल्या कोणालाही बोलावणं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यात बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करण्याची तरतूद होती. मर्जीचं धान्य नको, मोजलेले पैसे हवेत, ही ती मागणी होती. आपल्या कोकणात खोताची वेठ होती, कुळाने आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचं. 1937 साली बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि खोती कायद्याने गेली ती 1949 साली. मजूरमंत्री असताना 1946 साली किमान वेतनाचं विधेयक मांडणारेही तेच, त्याचा कायदा 1948 साली झाला. मजुरी ही मागणाऱ्याची किंवा देणाऱ्याची कृपा नाही, तिला एक तळ असला पाहिजे, हा विचार या सगळ्यांतून जातो.

कोकणातल्या कारागिराचा हिशोब देशावरच्यापेक्षाही अवघड आहे. इथे जून ते सप्टेंबर बाहेरचं बांधकाम जवळजवळ थांबतं. आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे असतात. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दहा घरी चार-चार दिवस काम करणाऱ्याने तो कोणाकडून आणायचा? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने तर 10 लाखांपर्यंतच्या स्वतःच्या घराचं काम कक्षेबाहेरच ठेवलं. म्हणजे अशा घरात त्याला संरक्षण उरतं ते एवढंच, की मालक माणूस बरा निघावा.

एक गोष्ट मात्र सुचवावीशी वाटते. खरोखर सवलत हवी असेल तर घराच्या आतली कामं, फरशी, वायरिंग, कपाटं, पावसाळ्यात काढा. जुलैमध्ये सलग पंधरा दिवसांचं काम आणि दर शनिवारी रोख हिशोब असेल तर कारागीर स्वतःहून दोन पैसे कमी सांगेल. कारण त्याला रिकाम्या दिवसांच्या जागी काम मिळतं, म्हणजे या व्यवहारात तुम्हीही काही देताय. मे महिन्यात, त्याला चार ठिकाणांहून फोन येत असताना सवलत मागणाऱ्याजवळ द्यायला काय असतं?

हे सगळं मनुवादी मानसिकता म्हणून दुसऱ्यांवर ढकलून मोकळं होता येईल. पण आपल्याकडेही बघायला हवं. आपल्यातले लोक शिकले, नोकरीला लागले, शहरात प्लॉट घेतले, गावी चिऱ्याची घरं बांधली. काम आपल्याच वाडीतल्या मुलाला दिलं, चांगलं केलं. आयटीआय करून वायरमन झालेला तो मुलगा 'जय भीम साहेब' म्हणत दारात येतो, आणि साहेब म्हणतात, "आपल्याच समाजाचा आहेस, आपल्याला वेगळा रेट लाव." वेगळा म्हणजे कमी. समाजाचं नातं त्याला जास्त देताना का आठवत नाही? बाहेरच्या ठेकेदाराला पूर्ण पैसे आणि आपल्या मुलाला आपुलकी, असं चाललं तर तो मुलगा आपल्या वाडीत काम घ्यायचं टाळेल, आणि मग आपणच म्हणणार की त्याला समाजाची जाण नाही.

यापेक्षा नाजूक गोष्ट विहाराच्या कामाची. गवंडी आपलाच, रंगारी आपलाच. चौथरा, कुंपण, कमान, रंगकाम सगळं त्यांच्याकडे, आणि कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं जातं, "धम्माचं काम आहे, किती सोडतोस?" भरल्या बैठकीत 'सोडत नाही' म्हणायची हिंमत कोणाला होईल? मागून, संकोचात पकडून घेतलं ते दान नसतं. पंचशीलातलं दुसरं शील आपण दर वंदनेला म्हणतो. न दिलेलं घेऊ नये, हा त्याचा अर्थ कमिटीच्या बैठकीतही तोच राहतो.

विहाराच्या भिंतीवर देणगीदारांचा फलक असतो. 501 रुपये देणाऱ्याचं नाव त्यावर असतं. ज्याच्या मजुरीतून आठ-दहा हजार कापले गेले त्या गवंड्याचं नसतं, कारण जमाखर्चात ते पैसे कधी आलेलेच नसतात. कमिटीने येत्या कामापासून एवढं करावं: मजुरी पूर्ण दराने खर्चात लावावी, पूर्ण रोख त्याच्या हातात द्यावी. नंतर त्याला वाटलं तर तो किती दान द्यायचं ते त्याच्या घरच्यांशी बोलून ठरवेल, पावती घेईल, आणि त्याचं नाव इतरांच्या रांगेत फलकावर लिहिलं जाईल.