ग्रासकटर : यंत्र आपले, तर मजुरी आपली



पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते. शहरात सोसायट्या, शाळा, कारखाने यांची आवारे साफ करण्याची कामे निघतात. पूर्वी ही कामे विळ्या-कोयत्याने, दिवसभर उकिडवे बसून होत. आता तेथे खांद्याला पट्टा अडकवून चालवायचा पेट्रोलवरचा ग्रासकटर आला आहे. हे काम करणाऱ्यांत आपले समाजबांधवही आहेत. पण पुष्कळांच्या हातातले यंत्र मुकादमाचे किंवा ठेकेदाराचे असते. यंत्राचे पैसे ठेकेदार घेतो आणि राबणाऱ्याच्या हाती नुसती हजेरी पडते.

दुसरीकडे, एखादा धडपड्या तरुण कर्ज काढून स्वतःचे यंत्र घेतो. पहिला हंगाम चांगला जातो. दुसऱ्या हंगामात यंत्र बंद पडते. यंत्र अडगळीत जाते, पण हप्ते काही थांबत नाहीत. हे दोन्ही तोटे टाळता येतात. ते कसे, हेच या आठवड्यात सांगायचे आहे.

बाबासाहेबांची दृष्टी

काही वडीलधारी माणसे म्हणतात, यंत्र आले आणि मजुराचे काम गेले. या चिंतेत तथ्य आहे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची चिकित्सा करणारा जो ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध केला, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला मन-बुद्धीचे जीवन जगता येत नाही, असा त्यांचा विचार होता. यंत्राचा लाभ मूठभरांनाच मिळत असेल, तर तो दोष समाजरचनेचा आहे, यंत्राचा नव्हे, असेही त्यांनी मांडले. तेव्हा यंत्र आले म्हणून रडायचे नाही. ते कोणाच्या मालकीचे आहे, हे विचारायचे.

गवत कापण्याचे यंत्रही कापड गिरणीतूनच जन्माला आले. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली आणि १८३० साली त्याने तिचे पेटंट घेतले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र आपल्या माणसांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. जादा मजुरीचे खाते असे आपल्याला बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्रापासून दूर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. म्हणून यंत्राचे ज्ञान ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही.

घेण्यापूर्वी

आपल्या भागात काम कोणते, ते आधी पाहा. मऊ गवत असेल तर नायलॉनची दोरी पुरते. झुडपे, रान असेल तर लोखंडी पाते लागते. सपाट हिरवळ राखायची असेल तर ग्रासकटर नव्हे, चाकांचा लॉन मोवर हवा. दुकानदार सांगतो म्हणून मोठे यंत्र घेऊ नका. दिवसभर खांद्यावर वागवायचे आहे, तेव्हा वजन महत्त्वाचे. त्या यंत्राची दोरी, प्लग, फिल्टर आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळतात का, याची चौकशी करा. सुट्या भागासाठी आठ दिवस थांबावे लागले, तर हंगाम निघून जातो.

जुने यंत्र घेत असाल तर ते थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच गरम करून ठेवले असेल, तर सावध व्हा. सुरू करण्याची दोरी सावकाश ओढून पाहा. हाताला दाब जाणवला पाहिजे. ती अगदी सैल आली, तर इंजिन झिजले आहे असे समजावे.

पैशांसाठी खासगी सावकाराच्या दारात जाऊ नये. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांना लहान व्यवसायासाठी साहाय्य करते. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्याच्या योजनांची माहिती घ्यावी. एका घराला झेपत नसेल तर चार घरांनी किंवा बचत गटाने मिळून यंत्र घ्यावे. पण त्याची निगा एकाच माणसाकडे द्यावी. यंत्र सर्वांचे आणि काळजी कोणाचीच नाही, असे झाले तर ते वर्षभरही टिकणार नाही.

इंजिनची निगा

ग्रासकटरची बरीच इंजिने टू-स्ट्रोक असतात. त्यांत वेगळी ऑइलची टाकी नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तकात दिलेले असते. २५ ला १ असेल तर एका लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या मापाने मोजा. ऑइल टू-स्ट्रोकचेच हवे. ऑइलशिवाय नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन जाम होतो आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीजवळ जातो. फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही. त्याचे ऑइल वेगळे भरायचे आणि रोज पातळी पाहायची.

मिश्रण लागेल तेवढेच करा. महिन्याहून जुने वापरू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. पुढच्या हंगामात ‘सुरूच होत नाही’ ही जी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

एअर फिल्टर रोज काम संपल्यावर झटकावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. प्लग अधूनमधून काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. काळे, तेलकट असेल तर ऑइल जास्त पडते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. पात्याजवळच्या गिअरमध्ये ग्रीस भरण्यासाठी एक स्क्रू असतो. साधारण २०-२५ तास काम झाले की तेथे ग्रीस द्यावे. ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते, आणि गिअर भाजून निघतो. यंत्राची ताकद हळूहळू कमी वाटू लागली तर सायलेन्सरच्या जाळीत काजळी साठली आहे का ते पाहावे.

पात्याच्या सगळ्या धारा सारख्या लावाव्यात. एक बाजू हलकी झाली की यंत्र थरथरते, हात बधिर होतात आणि बेअरिंग झिजते. पात्याचे नट बहुधा उलट्या आट्याचे असते. सवयीप्रमाणे फिरवून जोर लावला तर ते आणखी घट्ट बसते.

जिवाची काळजी

दगड किती लांब उडेल याचा नेम नाही. म्हणून चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कोणी नसावे. मुले तर नाहीच नाही. डोळ्यांना गॉगल, पायांत बूट, कानात बोळे असल्याशिवाय दोरी ओढू नये. पात्यावरचे संरक्षक झाकण काढून काम उरकते, पण तेच झाकण पायाला वाचवत असते. नायलॉनच्या दोरीऐवजी लोखंडी तार कधीही लावू नये. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. गवत अडकले तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी, मगच हात घालावा. गरम इंजिनवर पेट्रोल भरू नये. एका खोलीच्या घरात, स्टोव्ह-गॅसजवळ पेट्रोल साठवू नये.

आणि पाचवे शील येथे जिवाशी गाठ घालते. थकवा घालवण्यासाठी म्हणून घोट घेऊन यंत्र हाती धरणाऱ्याला घरच्यांनी अडवावे. मालक कितीही घाई करो.

सुधारणा कोणत्या कराव्यात

इंजिनचा वेग वाढवण्याच्या नादी लागू नये. त्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा रुंद, गादीचा पट्टा घ्यावा. मूठ आपल्या उंचीप्रमाणे बसवून घ्यावी. पिशवीत एक जादा प्लग, दोरीचे भरलेले रीळ आणि पाना ठेवावा. सोसायटीत काम असेल तर गाड्यांच्या बाजूने जाळी किंवा जाड कापड धरावे. एका काचेची भरपाई आठवड्याची कमाई खाते. काही यंत्रांना निंदणीचे किंवा पाणी उपसण्याचे जोडसाधनही बसते. तेवढेच एका हंगामाचे यंत्र दोन हंगाम कमावते.

मोठ्या मैदानांवर, संकुलांत काम करणाऱ्या तरुणांच्या हाती कधी बसून चालवायचा झिरो-टर्न मोवरही येईल. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कान्सास राज्यात दोन दांड्यांचे हे यंत्र पुढे आले. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र गती मिळते. एक पुढे, एक मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी वळते. हे यंत्र घरी घेण्यासारखे नाही, पण चालवायला जरूर शिकावे. दोन्ही टायरांत हवा सारखी हवी, नाहीतर गवत तिरपे कापले जाते. पुढची चाके नुसती फिरती असतात, म्हणून उतारावर ताबा सुटतो. उतार आणि तळ्याचा काठ टाळावा, पट्टा बांधावा. हे जाणणारा माणूस हजेरीवरचा मजूर राहत नाही, चालक होतो.

वहीचा हिशेब

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक खर्चाला, दोन व्यवसायाला, चौथा अडचणीच्या काळासाठी. हातावर पोट असणाऱ्याला अर्धी मिळकत व्यवसायात घालणे जमणार नाही. पण तत्त्व तेच ठेवावे. समजा, यंत्र १२,००० रुपयांचे आहे आणि ते ३०० दिवस काम देईल. म्हणजे दिवसाला ४० रुपये यंत्राचे झाले. ते, शिवाय पेट्रोल, ऑइल, दोरी आणि दुरुस्तीचे काही पैसे बाजूला काढल्यावर जे उरते, तीच खरी मजुरी. हा हिशेब न करता दर सांगणारा माणूस स्वतःचेच यंत्र रोज थोडे थोडे विकत असतो.

वही घरातल्या भगिनीने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावी. तारीख, किती तास, किती पेट्रोल, कोठे काम, किती पैसे आले, किती येणे बाकी. तास लिहिले की ग्रीस कधी द्यायचे ते कळते, येणे लिहिले की कोणता मालक बुडवतो ते कळते. पुढच्या हंगामाचा दर ठरवताना हीच वही मालकासमोर ठेवता येते.

वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना गावाने रात्रंदिवस राबवले. त्यांचा वेळ त्यांचा नव्हता. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आज आपल्या तरुणाचे यंत्र त्याचे स्वतःचे असेल, ते धड चालत असेल आणि दर त्याने हिशेबाने ठरवलेला असेल, तर चार वाजता काम आटोपून तो मुलांचा अभ्यास घेऊ शकेल, संध्याकाळी विहारात जाऊ शकेल. फुरसत म्हणतात ती हीच.

जयभीम! नमो बुद्धाय!