गिअरची ढिली दांडी आणि तरफेचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, तरफेचा धडा तुम्ही शाळेत शिकला आहात. लांब भुजेवर थोडा जोर लावला की आखूड भुजेवरचे मोठे ओझे उचलले जाते, हे तुम्ही परीक्षेत बिनचूक लिहिता. परंतु याच तरफेला दुसरीही एक बाजू आहे. ती मला एका जुन्या मोटारीच्या ढिल्या गिअरने शिकवली. त्यावरून आपल्या विज्ञानशिक्षणाविषयी माझे एक मत बनले आहे. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट या नावाने ओळखली जाई. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. कोकणात मात्र हौसेने जपलेली एखादी पद्मिनी अजूनही अंगणात उभी दिसते.

या गाडीच्या बऱ्याच वर्षांच्या मॉडेलांत गिअरची दांडी जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबालाच बसवलेली असते. दांडी इथे आणि गिअरबॉक्स तिथे. त्यामुळे हाताची हालचाल खांबालगतचा दांडा, आखूड भुजा, जोडदांड्या आणि पिना यांच्या साखळीतून पुढे पोहोचते. प्रत्येक सांध्यात पिनेभोवती एक लहानसे बुश असते. पिनेऐवजी बुश झिजावे, कारण ते स्वस्त आणि बदलायला सोपे, अशी ही योजना आहे.

आमच्या गाडीची दांडी इतकी ढिली झाली होती, की दुसरा गिअर टाकावा तर गाडी न्यूट्रलमध्येच राही. मालवणच्या सपाट रस्त्यावर याचे हसू येई. पण आंबोली घाटाच्या चढणीवर, मागून मालवाहू ट्रक येत असताना, हसू येत नाही. एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी गाडी न तपासताच गिअरबॉक्स उतरवून खोलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

मग ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींनी निराळाच मार्ग काढला. गाडी सपाट जागी उभी केली, इंजिन बंद केले, हातब्रेक ओढला आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावले. मला आत बसवून ते म्हणाले, ‘‘सर, दांडी हळूच हलवा, जोर नको.’’ स्वतः बॉनेट उघडून एकेका सांध्याकडे पाहत राहिले. पिन हलते पण पुढची दांडी हलत नाही, असे जिथे दिसले तिथे त्यांनी खडूने खूण केली. अशा तीन खुणा झाल्या. गिअरबॉक्सवरची भुजा मात्र स्वतः घट्ट होती. म्हणजे दोष पेटीच्या आत नव्हता, बाहेरच होता.

आता हिशेब पाहू. सांधा सोडवून मी वर्निअर कॅलिपरने मोजमाप घेतले. पिनेचा न झिजलेला भाग १०.० मिलिमीटर, तर झिजलेला भाग ९.३ मिलिमीटर भरला. बुशाचे भोक मूळचे १०.२, ते ११.० झाले होते. म्हणजे ०.२ मिलिमीटरचा खेळ १.७ मिलिमीटर झाला. एवढ्याने काय होणार, असे तुम्हाला वाटेल. पण वरची दांडी २४ सेंटिमीटर आणि खालची भुजा ६ सेंटिमीटर होती. हाताचा जोर जसा चौपट होऊन खाली जातो, तसा खालचा ढिलेपणा चौपट होऊन हाताशी येतो. एका सांध्याचे ६.८ मिलिमीटर, इतर दोन सांधेही साधारण तितकेच झिजलेले, म्हणजे एकूण सुमारे २० मिलिमीटर. दांडीच्या टोकाशी पट्टी धरून मोजले तेव्हा खेळ २२ मिलिमीटर भरला होता. उरलेले दीड-दोन मिलिमीटर पेटीच्या आतले. नवी बुशे बसवली, लेथवर तीन पिना करून घेतल्या, ग्रीस भरले. पुन्हा मोजले तेव्हा खेळ ४ मिलिमीटरवर आला होता.

तो शून्यावर का आणला नाही? कारण सांध्यात थोडी फट हवीच. पिन आणि भोक अगदी एका मापाचे केले तर सांधा अडकेल आणि ग्रीसला जागाच उरणार नाही. दोष खेळात नाही, त्याच्या वाढण्यात आहे.

आता पिन का झिजली? बुशाने झिजायचे आणि पिनेने टिकायचे असे ठरलेले असताना इथे दोन्ही झिजली. याचे कारण आपल्या किनाऱ्याच्या हवेत आहे. समुद्राच्या तुषारांतून आलेले मीठ पोलादावर बसते. मीठ दमट हवेतले पाणी ओढून घेते; त्या खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. गंजाचे कण कठीण आणि खरखरीत असल्याने ते सांध्यात पॉलिश पेपरसारखे काम करतात. पावसाळ्यापूर्वी भरलेले ग्रीस केवळ घर्षण कमी करत नाही. ते खाऱ्या ओलाव्याला आत येऊ देत नाही. मच्छीमार बांधव होडीच्या सुकाणूचे सांधे जपतात, ते याच कारणाने.

आता माझे मत. त्या मिस्त्रींना ‘यांत्रिक लाभ’ हा शब्द ठाऊक नव्हता; पण दोष कुठे नाही हे एकेक करून ठरवत जाण्याची शास्त्रीय पद्धत त्यांच्या हातात होती. उलट, वर्निअरचे लघुतम माप तोंडपाठ असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी ते उपकरण जर्नलमधल्या गोळ्याखेरीज कशाला लावले असेल. सूत्र एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी ही फारकत झाली आहे. आयटीआयला जाणारा मुलगा म्हणजे अभ्यासात मागे पडलेला, असे मानणाऱ्या घरांनी आणि शाळांनीच ती वाढवली आहे.

काही शिक्षक म्हणतील, पद्मिनी इतिहासजमा झाली, विजेच्या मोटारींत तर गिअरची दांडीच नसते. मग हा खटाटोप कशाला? मान्य, पण सायकलचा ब्रेक, विहिरीवरचा हातपंप, वर्गाच्या दाराची कडी यांत तरफ आहे, सांधे आहेत आणि झीजही आहे. शिक्षकांनी वर्षातून एक तास प्रयोगशाळेचे वर्निअर घेऊन मुलांना शाळेच्याच हातपंपाशी न्यावे. पिन मोजावी, भुजा मोजाव्यात, दांड्याच्या टोकाशी किती खेळ येईल हे आधी कागदावर काढावे आणि मग पट्टीने पडताळावे. उत्तर जुळले नाही तर फारच उत्तम. एखादा सांधा नजरेतून सुटला आहे, असा त्याचा अर्थ.

मित्रांनो, मोटारीच्या कामाला मात्र जाणत्या माणसाशिवाय हात लावू नका, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पण पुढच्या वेळी घरातली एखादी वस्तू ढिली झाली आणि कोणी ‘सगळीच बदला’ म्हणाले, तर आधी एवढेच विचारा : नेमका कोणता सांधा, आणि किती मिलिमीटर?