आखाजीचा पैसा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणारा खान्देशी माणूस या सणाला गाव गाठतोच. सुटी न मिळालेला पैसे तरी धाडतो. त्यातून घागर भरली जाते, खापरावर मांडे होतात, माहेरी आलेल्या लेकीला लुगडं मिळतं. उरलेलं किराणावाल्याच्या वहीत जिरतं.

१९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन याच खान्देशातल्या फैजपुरात भरलं. नेहरू अध्यक्ष होते आणि ठरावांत शेतकऱ्याचं कर्ज, सारा, खंड यांना मोठी जागा होती. पण ठरावाची वाट पाहत कोण बसतो? घरातल्या एकाला बाहेर पाठवायचं, हा उतारा गावोगाव आधीच सापडला होता. टपालखात्याची मनीऑर्डर १८८०पासून होतीच. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजी, अंगठा घेई, फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरची खुशाली वाचून दाखवी. पुढे मनीऑर्डरचा दर विसाला एक रुपया झाला, म्हणजे शेकडा पाच. सर्वांत कमी कमावणाऱ्याने तो निमूट भरला.

२०१६ला यूपीआय आलं आणि ही कपात गेली. उत्तमच झालं. मात्र मनीऑर्डर आईच्या नावाने आली तर पैसे आईच्याच हातात पडत. आता ते मोबाईल ज्याच्या खिशात, त्याच्याकडे जातात. आणि तो खिसा सहसा आईचा नसतो. हा फरक आम्हाला साधा वाटत नाही.

फैजपूर स्वतःही पैसे धाडणारं गाव आहे, हे आपण सोयीने विसरतो. इथल्या केळीच्या बागांत सातपुड्यातले पावरा, बारेला आदिवासी मजूर राबतात. त्यांची मजुरी कमरेला बांधून पाड्यावर जाते. परदेशस्थ भारतीयांनी २०२२मध्ये शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली, त्याचं देशभर कौतुक झालं. रावेर-यावलहून डोंगरात जाणाऱ्या पैशाची अशी नोंद कुठल्याच वहीत नाही.

वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं सालही आखाजीलाच बदलतं. हिशेब चुकता करताना बागायतदारांनी रोख हातावर टेकवून मोकळं होऊ नये. मजुराला टपाल बँकेत घेऊन जावं, खातं घरच्या बाईच्या नावाने उघडून द्यावं, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबरही तिचाच असावा.