मिठाचा खडा आणि टीबीची सुई

आमच्या लहानपणी निडीला आमचे एक चुलते टीबीने आजारी पडले. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई घ्यायची. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात बळ आले. "आता रोज कामावर खाडा कशाला?" म्हणून त्यांनी सुई सोडली. वर्षभरात आजार उलटला. पुन्हा तीच सुई सुरू केली, पण गुण आला नाही. असे का झाले, हे आम्हांला फार उशिरा कळले. वाचकहो, तेच आज सांगतो.

जंतू असो वा माणूस, पेशीत प्रथिने तयार करणारे बारीक कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांचा मोठा भाग म्हणजे आरएनएची लांब साखळी, ठरलेल्या घड्या घालून बसलेली. हा आकार साध्या दुर्बिणीत दिसत नाही, कारण उजेडाच्या लहरी अणूपेक्षा हजारो पटींनी मोठ्या. एक्स-रेच्या लहरी मात्र अणूएवढ्या बारीक असतात. पण एकट्या रायबोसोमवरून येणारी खूण फार पुसट. म्हणून आधी स्फटिक करावा लागतो. पेणच्या मिठागरात पाणी आटले की मिठाचा खडा धरतो. त्यात कण कवायतीसारखे ओळीने बसलेले असतात. तसेच असंख्य रायबोसोम ओळीने बसवायचे, त्यांवर एक्स-रे सोडायचे, पलीकडे उमटलेले ठिपके मोजायचे आणि गणिताने आकार काढायचा.

हे काम करणारे वेंकटरामन रामकृष्णन बडोद्यात वाढले. ज्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातून ते १९७१ साली बीएस्सी झाले. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावरही ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. २००० साली त्यांच्या गटाने गरम झऱ्यातल्या एका जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागाचा नकाशा काढला. त्यातल्या आरएनए साखळीला सुमारे दीड हजार दुवे आहेत. २००९ साली थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. योनाथबाईंनी तर या स्फटिकांमागे वीस वर्षे घातली होती.

त्याच नकाशात स्ट्रेप्टोमायसिन नेमके कुठे बसते, तेही दिसले. ते आरएनएच्या घडीत अडकते. मग जंतूच्या कारखान्यात हुकूम चुकीचा वाचला जातो आणि माल बिघडतो. पण कोट्यवधी जंतूंत एखाद्याची ती जागा जरा वेगळी असते. तिथे औषध धरत नाही. उपचार अर्धवट सोडले की असे चिवट जंतू उरतात आणि वाढतात. आमच्या चुलत्यांचे बहुधा हेच झाले.

म्हणूनच डॉक्टर एका वेळी तीन-चार औषधे देतात. आता साध्या टीबीला बहुतेक गोळ्याच असतात, साधारण सहा महिने, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असे नव्हे. घरात, शेजारी कोणी हे औषध घेत असेल, तर त्यांना हा मजकूर वाचून दाखवा. डॉक्टर सांगेपर्यंत एकही दिवस गोळी चुकू देऊ नका.