फुटलेली गोणी आणि आमचे हात

कामगार बंधूंनो, बुरशीनाशकाची गोणी मालधक्क्यावर फुटली की "झाडून घ्या" असा हुकूम सुटतो. झाडायचे कशाने? खराट्याने आणि उघड्या हातांनी! मग त्याच हातांनी तंबाखू मळायची.

इराकमध्ये १९७१-७२ साली पारायुक्त बुरशीनाशक लावलेले गव्हाचे बियाणे वाटले गेले. गोण्यांवरचा इशारा परक्या भाषेत. लोकांनी त्याच्या भाकऱ्या भाजल्या. ६,५३० जण रुग्णालयात गेले, पैकी ४५९ दगावले. हातपाय बधिर झाले, दृष्टी गेली. तेही काही आठवड्यांनी, म्हणून आधी संशयच आला नाही. आपल्याकडे मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईडवर बंदी आली ती २०१८ साली!

कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत, आणि बुरशीनाशके त्यांतच मोडतात. वाहतूक करणाऱ्यालाही संरक्षक कपडे द्यावेत, हा माल अन्नधान्याला लागू देऊ नये, असे त्यांत स्पष्ट आहे. प्रशासन म्हणते, तरतूद नाही. साहेबांच्या केबिनला पडदे घ्यायला असते!

आमचे म्हणणे सरळ आहे. हातमोजे, मुखपट्टी, साबण-पाणी आणि मराठीत सूचना द्या. सांडलेली पावडर कोरडी झाडायची नाही, ओली माती टाकून उचलायची. हे साहित्य मिळेपर्यंत फुटलेल्या गोणीला कोणीही हात लावू नये. मेमो मिळाला तर तो शाखा कार्यालयात आणून द्यावा.