जुनी जीप घ्या, पण उत्पादन खर्च काढून

वर्गणी काढून एक जुनी जीप विकत घ्यावी आणि सवडीने दुरुस्त करून तालुक्याच्या कामाला लावावी, असा विचार अष्टमीच्या बाजूच्या कार्यकर्त्यांनी पुढे आणला आहे. जिल्हा बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. आमचे मत असे की जीप जरूर घ्यावी. पण ज्या काट्याने आपण भाताचा हिशेब मागतो, त्याच काट्याने ती तोलून घ्यावी.

गरज खोटी नाही. कुंडलिकेच्या खालच्या अंगाला खारपट्टीतली गावे, वर डोंगरात वाड्या. सभा संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते आणि पावसाळ्यात मिनिडोरवाला वाडीपर्यंत यायला राजी नसतो. चारही चाकांना जोर असलेली साधी डिझेल जीप तिथे पोहोचते. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तीच घडण पुढे एमएम ५४० सारख्या गाड्यांपर्यंत चालत आली. म्हणून आजही सुटे भाग मिळतात आणि साधा मिस्त्री ती खोलून बसवू शकतो.

विकणारा आधी इंजिन चालू करून दाखवतो. आपण ते शेवटी बघावे. आधी कागद, मग चासी, मग इंजिन हा आमचा क्रम. इंजिन पुन्हा बांधता येते. सडलेली चासी सांधून फार दिवस जात नाहीत. आणि खोट्या कागदांची गाडी तर कोणत्याच मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. ही मुदत कधी संपते ते आर.सी.वर पाहावे. बँकेचा बोजा उतरला आहे का तेही पाहावे. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः घासून, वाचून कागदाशी ताडावा. इकडचे तिकडचे भाग जुळवून केलेल्या जीपा बाजारात असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावट बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच सांगितले आहे. ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांखाली 'व्हिंटेज' म्हणून नोंदलेली असेल, तर ती रोजच्या कामाला चालत नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत चासी आतून खाल्ली जाते आणि वरून काळा रंग मारलेला असतो. लहान हातोडी घेऊन गाडीखाली शिरावे. पाटे जिथे टांगलेले असतात तिथे आणि मागच्या आडव्या पट्टीवर ठोकावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे, बद्द आला तर गंज. सीटखाली आणि दिव्यांच्या आत गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली समजावी. २०२१ च्या जुलैत महाडमध्ये पाणी किती चढले होते, ते या जिल्ह्याला सांगायला नको.

इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. बॉनेट आधीच गरम लागले तर दुसऱ्या दिवशी यावे. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर असेल तर पंप, नोझल किंवा एअर फिल्टर बघावा. फोर व्हील आणि लो गिअर डांबरी रस्त्यावर नव्हे, चिखलाच्या चढावर लावून पाहावेत.

आता हिशेब. २०१८ पासून केंद्र सरकार दीडपट भावाची भाषा करते, ती ए-२ खर्च अधिक घरची मजुरी एवढ्यावरच. स्वतःच्या भांडवलाचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड धरणारा सी-२ खर्च बाजूला राहतो. यावर आपण भांडतो. मग जीपच्या वेळी 'पोरे फावल्या वेळात करतील' असे म्हणून त्यांचे श्रम फुकटात का धरावेत? समजा, दोन कार्यकर्ते प्रत्येकी २० दिवस गॅरेजात राबले आणि रोज ५०० रुपये धरला, तर २०,००० रुपये तिथेच झाले. किंमत, भाग, मजुरी, विमा, कर आणि अडकलेल्या वर्गणीचे व्याज एका बाजूला लिहा. भाड्याच्या गाडीचा वर्षाचा खर्च दुसऱ्या बाजूला. जीप महाग पडली तर मोह सोडावा.

सर्वात नाजूक प्रश्न नावाचा आहे. वर्गणी सर्वांची आणि आर.सी. एकाच्या नावावर, असे सर्रास चालते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. आपसातला कागद तिथे त्या कार्यकर्त्याला वाचवत नाही; त्याच्या सातबाऱ्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली, तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते.

तेव्हा बैठकीने ठरावात तीन गोष्टी लिहाव्यात : गाडी नोंदणीकृत संस्थेच्या नावावरच घ्यावी, विम्याचा हप्ता वर्गणीतून आधी बाजूला काढावा, आणि खर्चाची वही दर बैठकीत वाचून दाखवावी. ज्याच्या घामाचा हिशेब सरकार ठेवत नाही, त्याच्या घामाचा हिशेब निदान त्याच्या संघटनेने तरी ठेवला पाहिजे.